वाट दाखवणाऱ्याची मजुरी कोण देतो?



या महिन्यात चिपळूणजवळच्या एका गावातून एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी कळवले आहे. पत्र थोडक्यात असे:

"आपा, माझे मिस्टर तेवीस वर्षे कुवेतला होते. रमजानच्या आधी कायमचे परत आले. कंपनीचा हिशेब आणि आजवरची शिल्लक मिळून जे काही आहे, ते आमच्या आयुष्यभराचे आहे. पुन्हा कमवायचे वय राहिलेले नाही. ते आल्यापासून रोज कुणीतरी घरी येते. बँकेचे साहेब येतात. माझ्या आतेभावाचा मुलगा विम्याचे कागद घेऊन येतो. जमातीतले एक गृहस्थ प्लॉटिंगच्या धंद्यात भागीदारी घ्या म्हणतात. सगळेच गोड बोलतात, सगळेच आपले आहेत. मिस्टर मला विचारतात, कुणावर विश्वास ठेवू? मी काय सांगणार? पैशाचा खरा सल्ला देणारा माणूस कुठे मिळतो, आणि तो विश्वासाचा आहे हे ओळखायचे कसे?"

पत्र वाचून मला माझ्या थोरल्या भावाचे घर आठवले. त्याच दिवसांतून ते घर गेले आहे. भाईजानांची परवानगी घेऊन ती हकीकत आज लिहिते.

भाईजान एस.टी.मध्ये मेकॅनिक होते. २०२१ मध्ये निवृत्त झाले. पेन्शन म्हणजे नावाला. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून एकतीस लाख खात्यात आले. एवढी रक्कम आमच्या खानदानात कुणी एकरकमी पाहिलेली नव्हती. खात्यात पैसे जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी बँकेतून फोन आला. भाईजान गेले. साहेबांनी केबिनमध्ये बसवले, चहा मागवला. आयुष्यभर ज्या माणसाला काउंटरसमोर रांगेत उभे राहायची सवय, त्याला केबिनमधल्या खुर्चीनेच अर्धे जिंकले.

भाईजानांनी आधीच सांगितले, "साहेब, मला व्याजाचे काही नको." साहेब म्हणाले, "चाचा, तुमच्यासाठीच आहे ही योजना. यात व्याज नाही, बोनस आहे." भाईजानांनी सह्या केल्या. पाच लाख दिले. घरी येऊन भाभींना सांगितले, पाच लाखांची पावती केली, सात वर्षांनी दामदुप्पट.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पत्र आले, दुसरा हप्ता पाच लाख भरा. पत्र भाभींनी उघडले. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पावती केली होती ना? मग परत पाच लाख कशाला मागतायत?"

ती पावती नव्हतीच. सात वर्षे दर वर्षी पाच लाख भरायची ती विम्याची पॉलिसी होती. म्हणजे एकूण पस्तीस लाख, आणि हातात आले होते एकतीस. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा पॉलिसीत दोन हप्ते भरल्याशिवाय मोडल्यावर काहीच परत मिळत नव्हते. दुसरा हप्ता भरून मोडली, तर दहा लाखांतले कसेबसे तीन लाख. भाईजानांनी पुढे भरले नाही. पाच लाख गेले. बँकेत गेलो तेव्हा ते साहेब बदलून दुसऱ्या शाखेत गेले होते.

विमा कंपनीकडे लेखी तक्रार करता आली असती. कंपनीने ऐकले नसते, तर विमा लोकपालाकडे जाता आले असते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत आणि तिथे फी लागत नाही. पण भाईजानांनी काही करू दिले नाही. म्हणाले, "लोक म्हणतील, एवढा मोठा माणूस, न वाचता सही केली." पाच लाखांपेक्षा ती लाज त्यांना मोठी वाटली. बहिणींनो, अशी लाज धरू नका. फसवणाऱ्याला सर्वांत जास्त आधार आपल्या लाजेचाच असतो.

फुकटचा सल्ला

त्यानंतर मी भाईजानांना म्हटले, आता पैसे देऊन सल्ला घेऊ. ते चिडले. "सल्ल्याचे पैसे? बँकेत तर फुकट सांगतात!" भाभी चुलीजवळून बोलल्या, "त्या फुकटच्या सल्ल्याला पाच लाख लागले."

माझे सारे सांगणे या एका वाक्यात आले आहे. सल्ला कधीच फुकट नसतो. सल्ला देणाऱ्याचेही घर चालायचे असते. प्रश्न एवढाच, की त्याची मजुरी कोण देतो. बँकेच्या साहेबांना पगार बँक देते आणि विक्रीचे लक्ष्यही बँकच देते. विमा एजंटाला कमिशन विमा कंपनी देते, आणि अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून ते सर्वांत जास्त मिळते. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंड कंपनी दर वर्षी कमिशन देते. हे पैसे शेवटी आपल्याच रकमेतून जातात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

एक उदाहरण घ्या. २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेचे दोन प्रकार असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. योजना तीच, शेअर तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन धरलेले असते, डायरेक्टमध्ये नसते. शेअरच्या फंडात फरक साधारण अर्धा ते एक टक्का पडतो. दहा लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला दहा हजार, आणि तेही दर वर्षी. फंड वर गेला काय आणि खाली गेला काय, ते कापले जातातच.

हे लोक चोर आहेत असे मी म्हणत नाही. मन लावून काम करणारे, ग्राहकाच्या अडीअडचणीला धावून येणारे एजंट आणि वितरक मी पाहिले आहेत. पण दुकानदार आणि हकीम यांतला फरक आपण ओळखला पाहिजे. दुकानदार प्रामाणिक असला, तरी त्याच्याकडे जे आहे तेच तो दाखवणार. "तुम्हाला कशाचीच गरज नाही, घरी जा," असे तो सहसा म्हणणार नाही. ते म्हणण्यासाठी ज्याचे पोट विक्रीवर चालत नाही असा माणूस लागतो.

हिजरतचा वाटाड्या

हिजरतचा प्रसंग आपण मुलांना दर वर्षी सांगतो. गुहा सांगतो, कोळ्याचे जाळे सांगतो. वाटाड्याचे नाव मात्र पुष्कळ घरांत माहीत नसते. मक्केहून मदिनेला जाताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाट दाखवण्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित नावाच्या माणसाला मजुरीवर ठेवले होते. तो तेव्हा मुसलमान नव्हता, कुरैशांच्याच धर्माचा होता. पण वाळवंटातल्या वाटांचा जाणकार होता आणि विश्वासाचा होता. दोन्ही उंटिणी आधीच त्याच्या ताब्यात दिल्या होत्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यायला सांगितले होते. तो ठरल्याप्रमाणे आला आणि समुद्राच्या बाजूच्या वाटेने घेऊन गेला.

त्याच वेळी कुरैशांनी शंभर उंटांचे इनाम लावले होते. वाटाड्याला गुहा माहीत होती. एक शब्द बोलला असता, तर त्याची मजुरी त्या इनामापुढे काहीच नव्हती. तो बोलला नाही.

या प्रसंगातून मला तीन गोष्टी दिसतात. वाटाडा निवडताना तो आपल्या धर्माचा आहे का हे पाहिले गेले नाही, त्याला वाट माहीत आहे का आणि तो शब्दाचा पक्का आहे का, हे पाहिले गेले. त्याची मजुरी ठरवून दिली गेली, काम फुकट करून घेतले नाही. आणि ज्यांना वाट दाखवायची, त्यांचीच मजुरी त्याने घेतली, समोरच्या बाजूचे इनाम घेतले नाही. पैशाचा सल्लागार शोधताना याच तीन गोष्टी पाहायच्या.

असा माणूस कुठे सापडतो?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी. तिने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. या नियमांखाली नोंदणी असलेला माणूस फी घेऊन सल्ला देतो आणि ग्राहकाचे हित आधी पाहणे त्याच्यावर बंधनकारक असते. एकाच कुटुंबाकडून सल्ल्याची फी आणि त्याच कुटुंबाच्या गुंतवणुकीवर कमिशन, असे दोन्ही त्याला घेता येत नाही. ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो. ग्राहकाची जोखीम घेण्याची ताकद किती, हे आधी तपासावे लागते. फी रोख घेता येत नाही, बँकेतूनच घ्यावी लागते. ठरावीक फी घेणाऱ्याला एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये घेता येतात. आपल्यासारख्या घरांना त्याच्या बऱ्याच खाली काम होते.

असे सल्लागार साऱ्या देशात मिळून जेमतेम हजारभर आहेत. तालुक्याच्या गावी तो भेटेलच असे नाही. पण आता व्हिडिओ कॉलवर काम होते. आमचा सल्लागार पुण्याचा होता, भाईजान मिरजेत.

शोधायची रीत अशी. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. त्यात गुंतवणूक सल्लागारांची वेगळी यादी मिळते. प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. कार्डावर किंवा व्हॉट्सअॅपवर क्रमांक लिहिलेला आहे, एवढ्यावर जाऊ नका. दुसऱ्याचा क्रमांक छापून फसवणारे पुष्कळ आहेत. यादीत तो क्रमांक स्वतः शोधा, तिथे दिलेले नाव, पत्ता, ईमेल जुळवा, आणि यादीतल्याच ईमेलवर पत्र पाठवा. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला हे काम दहा मिनिटांचे आहे. 'एआरएन' हा क्रमांक वेगळा. तो म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा असतो, सल्लागाराचा नव्हे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. नोंदणी म्हणजे नेकीचा दाखला नव्हे. नोंदणी असलेला माणूसही चुकीचा किंवा आळशी निघू शकतो. नोंदणीचा उपयोग एवढाच, की नियम मोडला तर तक्रार करायला दार असते. सेबीची 'स्कोअर्स' नावाची तक्रार यंत्रणा आहे. बिननोंदणीच्या माणसाबाबत आपल्या हाती पोलीस ठाणे आणि पश्चात्ताप एवढेच उरते.

पहिल्या भेटीत काय विचारायचे?

यादीतून दोन-तीन नावे काढा. प्रत्येकाशी बोला. मियां-बीवी दोघांनी मिळून बोला. माझ्या भाईजानांच्या घरात चूक शेवटी कुणी पकडली ते आठवा. बाईला कळत नाही म्हणून आत बसवणारे घर एक जागता पहारेकरी घालवून बसते. आणि हे प्रश्न विचारायला संकोच करू नका:

एक, तुमची फी किती, आणि माझ्याशिवाय आणखी कुणाकडून तुम्हाला पैसे मिळतात का? उत्तर एका वाक्यात यायला हवे. लांबण लागली तर समजून घ्या. "मी फी घेतच नाही," म्हणाला, तर मग घर कसे चालते, हे विचारा.

दोन, पैसे कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात जाणार? बरोबर उत्तर असे, की तुमच्या खात्यातून थेट फंडाकडे, कागद तुमच्या नावाचे. सल्लागाराच्या हातात किंवा त्याच्या खात्यात फीशिवाय एक रुपयाही जायचा नसतो. ओटीपी, पिन, कोरा चेक मागणाऱ्याला तिथल्या तिथे सलाम करा.

तीन, किती टक्के मिळतील? हा सापळ्याचा प्रश्न आहे. खात्रीचा परतावा कबूल करायला सल्लागाराला बंदीच आहे. त्याने आकडा ठोकून दिला, की तो माणूस बाद.

चार, माझ्यासारख्या घराचे काम तुम्ही केले आहे का? चिपळूणच्या बहिणीने इथे खास प्रश्न विचारावा: "मिस्टर कायमचे परत आले आहेत, त्यांच्या एनआरई खात्याचे काय करायचे?" कायमचे परतल्यावर ते खाते तसेच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते निवासी खात्यात किंवा परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात बदलून घ्यावे लागते. पुढची काही वर्षे कर आकारणीतही फरक पडतो. हे ज्याला माहीत नाही, त्याला गल्फहून आलेल्या माणसाची वाट माहीत नाही.

पाच, आम्ही व्याजाचे घेत नाही, मग आमच्यासाठी काय कराल?

हलालचा प्रश्न आणि त्याच्या आडून येणारे

या पाचव्या प्रश्नावर थोडे थांबू, कारण आपली घरे सर्वांत जास्त इथेच फसतात.

निवृत्त माणसासाठी आपल्या देशात ज्या सुरक्षित सोयी आहेत, त्या जवळजवळ सगळ्या व्याजाच्या आहेत. मुदत ठेव, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, ज्येष्ठ नागरिक योजना, सगळ्या त्यातल्याच. बिनव्याजी बँकेचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेपुढे होता, पण तो पुढे न्यायचा नाही असे तिने ठरवले, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे व्याज टाळणाऱ्या घराचा पैसा एक तर पडून राहतो, सोन्यात जातो, जमिनीत जातो, नाहीतर "हलाल धंदा आहे, महिन्याला तीन टक्के नफा" म्हणणाऱ्याच्या हाती जातो.

बंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायजरी आठवते ना? आयएमए म्हणून ती ओळखली जायची. नावातच 'सल्ला' होता. गुंतवणूकदारांना भागीदार म्हटले जाई, व्याजाऐवजी नफा म्हटले जाई. जून २०१९ मध्ये तिचा मालक दुबईला पळाला आणि हजारो मुस्लिम घरांची पुंजी अडकली. त्यात निवृत्त माणसे होती, विधवा होत्या, मुलींच्या लग्नासाठी जमवलेले पैसे होते. ही माणसे लोभी नव्हती. हराम टाळायचे म्हणून ती तिथे गेली होती. आपल्या ईमानालाच गळ लावला गेला होता.

भाईजानांचेही तेच होणार होते. बँकेच्या अनुभवानंतर त्यांचा सरकारी कागदांवरचा विश्वास उडाला, आणि मशिदीत ओळख झालेल्या एका माणसाकडे दहा लाख द्यायला ते निघाले. माणूस पाच वेळचा नमाजी, बोलणे नम्र. त्याला मी एवढेच विचारले, "धंदा कोणता, नोंदणी कुठे, तोटा झाला तर तो कुणाचा?" तो म्हणाला, "आपा, तोटा होतच नाही." ज्या धंद्यात तोटा होतच नाही आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, त्याला नफा म्हणायचे की व्याज, हे आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही आलिमला विचारा. दाढीकडे, टोपीकडे, बुरख्याकडे बघून हिशेब विचारायचा राहू देऊ नका. कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकरामधल्या २८२ व्या आयतीत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. ती आयत उतरली तेव्हा समोर सहाबा होते. त्यांनाही लिहून घ्या असे सांगितले गेले, मग आपण "आपलाच माणूस आहे" म्हणून कागद का सोडावा?

लोकांकडून परस्पर ठेवी गोळा करणाऱ्या अशा योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ मध्येच आला. अशी योजना दिसली, तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

मग हलालच्या वाटा कोणत्या? काही म्युच्युअल फंड शरियतच्या अटी पाळून चालतात. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड, क्वांटम एथिकल फंड आणि निप्पॉनचा शरिया बीज ही त्यांतली नावे. बँका, दारू, तंबाखू, जुगार अशा कंपन्या त्यात नसतात आणि जास्त कर्जात असलेल्या कंपन्याही वगळतात. ही शिफारस नाही, माहिती आहे. हे सगळे शेअरचे फंड आहेत, म्हणजे ते खाली येऊ शकतात आणि काही वेळा बरेच खाली येतात. हलाल आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका प्रश्नाचे उत्तर आलिम देतील, दुसऱ्याचे सल्लागार. दोन्ही उत्तरे एकच माणूस देऊ लागला, तर जरा सावध राहा.

भाईजानांचे पुढे काय झाले?

पुण्याच्या सल्लागाराने पंधरा हजार फी सांगितली. तो मुसलमान नव्हता. पहिल्या भेटीत त्याने एकही योजना सांगितली नाही. दोन तास फक्त प्रश्न विचारले. घरखर्च किती, कर्ज किती, मुलीचे लग्न कधी, भाभींना मधुमेह आहे तर औषधांचा खर्च किती. शेवटी म्हणाला, "व्याजाबद्दल तुमचे धर्मजाणकार सांगतील ते मला सांगा. मी त्याच्या आत राहून काम करीन."

त्याने लिहून दिले ते असे. घराच्या दुरुस्तीसाठी नातेवाइकांकडून घेतलेले तीन लाख आधी फेडा. दोन वर्षांचा घरखर्च खात्यात हाताशी ठेवा. शरिया फंडात एकदम नाही, महिन्याला थोडे थोडे टाका, आणि सात वर्षे लागणार नाहीत तेवढेच टाका. भाईजानांना भाड्याने द्यायला एक गाळा घ्यायचा होता. त्यावर तो म्हणाला, "घ्या, पण कागद वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका." गाळा घेतला काय किंवा फंड घेतला काय, त्याची फी तेवढीच होती. म्हणून त्याला हे म्हणता आले.

सगळे गोड झाले असे नाही. पहिल्या काही महिन्यांत फंडातली रक्कम खाली गेली. भाईजानांना दोन रात्री झोप आली नाही. पण हे होऊ शकते असे त्याने आधीच लिहून दिले होते, तो कागद भाभींनी कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवला. गेलेले पाच लाख आले नाहीत. गाळ्याचे भाडे मात्र दर महिन्याला येते आणि भाभींची औषधे त्यातून होतात, अल्हम्दुलिल्लाह.

चिपळूणच्या बहिणीला

बहिणी, तुम्ही आत्ता काय करायचे ते सांगते.

तीन महिने कुठेही सही करू नका. पैसे खात्यात राहू द्या. खात्यावर जमणाऱ्या व्याजाचे आपण एरवी जे करतो तेच करा. तीन महिन्यांत काही बुडत नाही, आणि "आजच शेवटची तारीख आहे," असे म्हणणाऱ्यापासूनच जास्त बुडते.

बँकेच्या साहेबांना सांगा, जे काही आहे ते लेखी द्या, घरी वाचून सांगतो. पहिला प्रश्न विचारा, हा विमा आहे का आणि किती वर्षे भरायचे? चुकून सही झालीच असेल, तर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ रक्कम कापून पैसे मिळतात. ही मुदत आता सर्व आयुर्विमा पॉलिसींना लागू आहे. माझ्या भावाने ते पाकीट उघडलेच नव्हते. तुम्ही उघडा.

आतेभावाच्या मुलाला दुखवू नका. त्याला चहा द्या आणि म्हणा, "बेटा, आम्ही एका सल्लागाराला विचारून सांगतो." नात्यात 'नाही' म्हणणे जड जाते, तिथे हा एक चांगला आडोसा होतो.

प्लॉटिंगवाल्या गृहस्थांकडून सातबारा, एनए आदेश आणि महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला महारेराची नोंदणी लागते. भागीदारी असेल तर तोट्यातला वाटा कसा, हे स्टॅम्प पेपरवर मागा. काम सचोटीचे असेल तर ते रागावणार नाहीत. रागावले, तर तुम्हाला उत्तर मिळाले.

आणि या तीन महिन्यांत सेबीच्या यादीतून दोन-तीन सल्लागारांशी बोला. फी द्यायची तयारी ठेवा. डॉक्टरला फी देतो, वकिलाला देतो, घर बांधताना मिस्त्रीला मजुरी देतो. तेवीस वर्षांच्या कमाईला वाट दाखवणाऱ्याचे पैसे देताना मन मागे घेऊ नका. तुम्ही दिले नाहीत, तर ते दुसरे कुणीतरी देईल, आणि मग तो त्या दुसऱ्याच्या वाटेने नेईल.

मिस्टरांना माझा सलाम सांगा. त्यांनी तुम्हाला विचारले, "कुणावर विश्वास ठेवू?" घरात आधी बीवीला विचारणाऱ्या माणसाने अर्धे काम बरोबर केले आहे.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, विम्याची पॉलिसी हातात आल्यावर तिची पहिली चार पाने कशी वाचायची, ते एका कागदावरून समजावून सांगेन. ज्यांच्या घरी कपाटात न उघडलेले पाकीट पडले आहे, त्यांनी तोवर ते शोधून ठेवावे.